सुट्टीतला जॉब

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधला सुतारकामाचा जॉब आठवतोय का? हाफ लॅप जॉइंट. दोन लाकडी तुकडे, प्रत्येकाला अर्ध्या जाडीची खाच, आणि ते एकमेकांत गच्च बसले पाहिजेत. माझ्या जॉइंटमध्ये एवढी फट होती की त्यातून मेसची चपाती आरपार गेली असती. सबमिशनच्या आदल्या दिवशी वर्कशॉपच्या मामांनी ती फट भुसा आणि फेव्हिकॉल कालवून बुजवली, वर पॉलिश पेपर फिरवला आणि म्हणाले, "मार्क मिळतील रे, पण याच्यावर कुणाला बसवू नकोस."

त्या वाक्याची आठवण मला थर्ड इयरच्या उन्हाळी सुट्टीत झाली.

माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर कराडच्या आमच्या घराशेजारी एक पत्र्याची शेड होती, तिला त्यांनी 'गॅरेज' करून टाकलं. आत आमची जुनी चेतक, भिंतीला लागून हत्यारांच्या दोन लोखंडी ट्रंका आणि खाली शहाबादी फरशी. गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्या तिथे उघडल्या जायच्या. पैसे कमी, चहा जास्त. मग गेल्या वर्षी त्यांच्या कमरेची गादी सरकली. डॉक्टरांनी वाकायचं नाही आणि पाच किलोच्या वर उचलायचं नाही असं बजावलं. आता गॅरेजमधलं काम म्हणजे ट्रंकेत वाकणं आणि जड पाने उचलणं, दुसरं काय असतं? मी सुट्टीत घरी गेलो तर शेडला कुलूप आणि बाबा दिवसभर टीव्हीसमोर. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू एवढा इंजिनियर होतोयस, यांच्यासाठी काहीतरी कर ना." सहा सेमिस्टरमध्ये विचारला गेलेला हा सगळ्यात अवघड प्रश्न.

उत्तर ठरलं: चाकांची लाकडी ट्रॉली. कमरेच्या उंचीवर दोन ड्रॉवर, वर उघडा ट्रे, खाली जड सामानाचा कप्पा. रुंदी 600 मिमी, खोली 400, चाकांसकट उंची साधारण 850. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढलं आणि वर्कशॉपच्या मामांना फोन लावला. त्यांनी ड्रॉइंगबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं, "शेड पावसात गळते का?" गळते म्हटल्यावर म्हणाले की साधा कमर्शियल प्लाय घेऊ नकोस. प्लायच्या शीटवर शिक्का असतो. आयएस 303 म्हणजे साध्या वापराचा, आयएस 710 म्हणजे मरीन, यातला डिंक पाण्याने सुटत नाही. फर्निचरवाल्याकडे मरीनचे उरलेले तुकडे मिळतात, तेच उचल. मी तसंच केलं. 18 मिमीचे तुकडे मिळाले, आणि घरामागे पडलेल्या जुन्या दाराच्या सागवानी चौकटीतून पट्ट्या काढल्या. जुनं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, त्यामुळे नंतर पीळ धरत नाही.

कापताना पहिला धडा मिळाला. करवतीच्या पात्याला स्वतःची जाडी असते! एका कापाला जवळपास 3 मिमी भुसा होऊन जातो. मी चार तुकडे एकापुढे एक आखून ठेवले होते, त्यामुळे पहिल्यानंतरचा प्रत्येक तुकडा जवळपास 3 मिमीने आखूड निघाला. आखायचं, कापायचं, मग पुढचं आखायचं, हे मामांनी फर्स्ट इयरला सांगितलं होतं. तेव्हा आम्ही मागे उभे राहून कॅन्टीनचा विषय काढत होतो.

सांगाडा जोडताना मी स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडून घ्यायचो. प्लायच्या कडेत थेट स्क्रू घुसवला की थर फुटतात आणि पकड राहत नाही. 8 नंबरच्या स्क्रूला 3 मिमीचं भोक आणि आट्यांना थोडा साबण, म्हणजे मनगट वाचतं. तरी नुसत्या कडेतल्या स्क्रूवर भरवसा नको म्हणून प्रत्येक कोपऱ्यात आतून सागवानी पट्टी फेव्हिकॉल लावून बसवली. चौकट काटकोनात आहे का हे बघायला गुण्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे दोन्ही कर्ण मोजायचे. माझ्या कर्णांत 4 मिमीचा फरक होता. क्लॅम्प नव्हता. मग लांब असलेल्या कर्णावर दोरी बांधून तिच्यात काठी घालून पीळ दिला, फरक शून्यावर आणला आणि तसाच मागचा 6 मिमीचा प्लाय ठोकून टाकला. ही मागची पातळ फळी शोभेची नाही बरं का. चार सांध्यांची चौकट ढकलली की तिरकी होते, मागची फळी ते होऊ देत नाही. स्ट्रक्चरच्या पेपरात हे लिहून मार्क मिळवले होते. काठीला पीळ देताना ते पहिल्यांदा समजलं.

वरच्या ट्रेला 40 बाय 20 च्या पट्ट्या लावायच्या होत्या. आडव्या लावल्या तर दिसायला छान. पण रुंदी गुणिले जाडीचा घन भागिले बारा! आडवी पट्टी: 40 गुणिले 20 चा घन भागिले 12, म्हणजे 26,667. तीच उभी केली की 20 गुणिले 40 चा घन भागिले 12, म्हणजे 1,06,667. लाकूड तेवढंच, ताठपणा चौपट. उभ्या लावल्या.

ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंनी चार-चार सूत जागा सोडावी लागते. (आठ सूत म्हणजे एक इंच. मिलिमीटरवाल्यांनी हे पाठ करावं, दुकानदार त्याच भाषेत बोलतो.) आतली मोकळी जागा 564, त्यातून एक इंच वजा, म्हणजे ड्रॉवर बाहेरून 538 चा. एक ड्रॉवर मी 541 चा केला आणि पूर्ण संध्याकाळ रंधा मारत बसलो.

चाकं आधी दोन इंची घेतली, स्वस्त म्हणून. रिकामा सांगाडा शेडमध्ये नेला तर पहिल्याच शहाबादीच्या सांध्यावर अडकला. तिथे एक फरशी दुसरीपेक्षा तीन सूत वर आहे, धरा 10 मिमी. आता मेकॅनिक्सचं गणित आठवा: चाकाची त्रिज्या आर, पायरीची उंची एच, तर पायरी चढायला लागणारा आडवा जोर म्हणजे चाकावरचा भार गुणिले, 2आरएच वजा एच वर्ग याचं वर्गमूळ, भागिले आर वजा एच. दोन इंची चाकाची त्रिज्या साधारण 25: वर्गमूळ 20, खाली 15, म्हणजे भाराच्या 1.33 पट. चार इंची चाकाची त्रिज्या 50: वर्गमूळ 30, खाली 40, म्हणजे 0.75 पट. भरलेली ट्रॉली 80 किलोच्या आसपास, पुढच्या दोन चाकांवर निम्मा भार धरला तर लहान चाकांना 53 किलोचा जोर लागतो आणि मोठ्यांना 30 चा. 30 सुद्धा बाबांच्या पाठीला जास्तच. म्हणून चार इंची चाकं घेतली आणि शिवाय त्या सांध्यात सिमेंट भरून पायरी 4 मिमीवर आणली. आता जोर 17 किलोवर आला. चाक निवडताना आणखी एक गोष्ट: खडबडीत जमिनीवर चारातलं एक चाक बरेचदा हवेतच असतं, त्यामुळे वजन चाराने नाही, तीनाने भागायचं.

इतकं सगळं झाल्यावर मी स्वतःवर भयंकर खूष होतो. उलटण्याचं गणितही करून ठेवलं होतं. ड्रॉवर सोडून सांगाडा 24 किलो, त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून 200 मिमी आत: 4800. दोन्ही ड्रॉवर भरून उघडले तर प्रत्येकी 12 किलो, त्यांचा मध्य कडेच्या 125 मिमी बाहेर: 3000. 4800 विरुद्ध 3000, ट्रॉली उलटत नाही. वहीत खाली दोन रेघा मारल्या.

रविवारी सकाळी बाबांना शेडमध्ये नेलं. सगळे पाने ड्रॉवरमध्ये लावले होते. खालचा कप्पा अजून रिकामा होता, कारण तिथला ऑइलपेंट ओला होता. बाबांनी ट्रॉली स्वतःकडे ओढली, हसले, वरचा ड्रॉवर उघडला. मग दुसरा उघडला. ट्रॉली शांतपणे, अगदी सावकाश, त्यांच्या अंगावर आली.

ते मागे सरकले म्हणून पाय वाचला. पण त्या हिसक्याने कंबर धरली. 24 किलोचे पाने शहाबादीवर पडल्याचा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला. आई धावत आली. मी तिथे वही घेऊन उभा. बाबांना दोघांनी धरून आत नेलं आणि पुढचे दोन दिवस ते पलंगावर होते. मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी हाक मारली. छताकडे बघत म्हणाले, "पडली तेव्हा पुढची चाकं कुणीकडं तोंड करून होती?"

मी म्हटलं, "बाबा, चाकं फिरती आहेत, कुणीकडंही असतील."

"कुणीकडंही नाही. मी ओढली होती. ओढल्यावर चाक मागं राहतं. जा, बघून ये."

मी जाऊन बघितलं, आणि जिथे होतो तिथेच खाली बसलो. फिरत्या चाकाची पिन एका जागी असते आणि चाक जमिनीला टेकतं दुसऱ्या जागी. दोघांमध्ये माझ्या चाकात 35 मिमीचं अंतर होतं. ट्रॉली पुढे ओढली की चाक पिनच्या मागे जातं. त्यात पिनच मी कडेपासून 40 मिमी आत बसवली होती. म्हणजे ट्रॉली पुढच्या कडेवर उभी नव्हतीच, ती कडेच्या 75 मिमी आत टेकलेली होती. आता गणित पुन्हा करा. सांगाड्याचा मध्य टेकूपासून 200 नाही, 125 मिमी: 24 गुणिले 125, म्हणजे 3000. ड्रॉवरचा मध्य टेकूच्या 125 नाही, 200 मिमी बाहेर: 24 गुणिले 200, म्हणजे 4800. तेच दोन आकडे, फक्त बाजू बदललेल्या. आणि ड्रॉवर उघडायच्या आधी माणूस ट्रॉली स्वतःकडे ओढतोच, म्हणजे सगळ्यात वाईट स्थिती हीच रोजची स्थिती. मी ट्रॉलीचं नाही, ट्रॉलीच्या आकाराच्या ठोकळ्याचं गणित केलं होतं.

सोपा उपाय म्हणजे जड पाने खाली आणि हलकं सामान वर. कुठल्याही पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. पण मग बाबांना वाकावं लागणार, आणि ट्रॉली मुळात त्यासाठीच होती. पाने वरच राहणार हे धरूनच मार्ग काढायचा होता. चौकटीच्या उरलेल्या सागवानातून दोन जाड आडवे दांडे काढले आणि ट्रॉलीच्या खाली असे बसवले की पुढच्या चाकांच्या पिना कडेच्या 60 मिमी बाहेर आल्या. चाक मागे फिरलं तरी टेकू कडेच्या 25 मिमी बाहेरच. आता दोन्ही ड्रॉवर उघडले तर 24 गुणिले 100, म्हणजे 2400, आणि विरुद्ध बाजूला 24 गुणिले 225, म्हणजे 5400. खालच्या कप्प्यात बाबांचा जुना बाकशेगडा, जॅक आणि क्वचित लागणारं लोखंड मिळून 30 किलो कायमचं ठेवलं, की त्याचे 6750 वेगळे. हे सामान काढायचं झालं तर मी किंवा शेजारचा कुणीतरी काढतो. दांडे पुढे आल्याने पायाला ठेच लागते, म्हणून त्यांची टोकं पिवळी रंगवली.

या वेळी गणितावर थांबलो नाही. बाबांना दारातल्या खुर्चीत बसवलं, खालचा कप्पा मुद्दाम रिकामा ठेवला, चाकं मागे वळवली, दोन्ही ड्रॉवर पूर्ण उघडले आणि वरून हाताने दाबलं. चांगलं दाबलं तेव्हा मागची चाकं उचलली गेली, सोडल्यावर खाली बसली. बाबा म्हणाले, "अजून दाब." दाबलं. मग ते उठले आणि स्वतः येऊन दाबून बघितलं.

ट्रॉलीच्या वरच्या ट्रेत आता चहाचा कप ठेवायला एक गोल खाच आहे, ती माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हती. परवा फोनवर बाबा सांगत होते की मागचं डावं चाक करकरतंय, ग्रीस दिलं तरी थांबत नाही, आणि वरचा ड्रॉवर, तोच 541 चा, पाऊस सुरू झाल्यापासून पुन्हा घासतोय. गणपतीला येशील तेव्हा रंधा घेऊन ये म्हणाले. मामांकडे मागून ठेवला आहे.