आकाशातली झोप : लांब पल्ल्याच्या विमानात वैमानिक विश्रांती कशी घेतात?



नेवासा फाट्यावरून रात्री मुंबईची गाडी पकडली, की सकाळी आपण मुंबईत असतो. अशा दोन रात्री एकाला एक जोडा. साधारण तितका वेळ, म्हणजे सुमारे १६ तास, मुंबईहून न्यूयॉर्कला कुठेही न थांबता जाणारे विमान हवेत असते. एअर इंडियाने ही थेट सेवा १ ऑगस्ट २००७ रोजी सुरू केली. आता प्रश्न असा, की एवढा वेळ विमान चालवणारा माणूस जागा राहतो का? उत्तर सोपे आहे : नाही, तो झोपतो. आणि त्याने झोपावे असा नियमच आहे! कसे ते आज समजून घेऊ.

एक विमान, चार वैमानिक

जवळच्या उड्डाणात दोन वैमानिक असतात, एक कॅप्टन आणि एक सहवैमानिक. लांबच्या उड्डाणात मात्र तीन किंवा चार वैमानिक बरोबर घेतात. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बंगळुरूला आले, ते आठवते का? कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्यासह कॉकपिटमध्ये सगळ्या महिलाच होत्या. त्या किती होत्या? चार. उड्डाण सुमारे १७ तासांचे होते, म्हणून.

आता थोडे गणित करू. १६ तासांचे उड्डाण आहे. वर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा वेळ मिळून ढोबळमानाने २ तास बाजूला काढा. उरले १४. दोन-दोन जणांच्या जोड्यांनी पाळी वाटून घेतली, तर प्रत्येक जोडीला विश्रांती किती? १४ ÷ २ = ७ तास. म्हणजे कॉकपिटमध्ये कायम दोघे कामावर, आणि दोघे विश्रांतीला.

झोपायची जागा कुठे असते?

बोइंग ७७७ सारख्या विमानात वैमानिकांची झोपायची खोली प्रवाशांच्या डोक्यावर असते, बरं का! पुढच्या दाराजवळ एक छोटा बंद दरवाजा असतो. तो उघडला की अरुंद जिना. वर गेल्यावर दोन पलंग आणि दोन खुर्च्या. या पलंगाला ‘बंक’ म्हणतात. छत इतके खाली असते, की उभे राहता येत नाही, वाकूनच वावरावे लागते. आपल्या घरातल्या माळ्यासारखे समजा. केबिन क्रूची खोली वेगळी असते, ती विमानाच्या मागच्या भागात.

त्या खोलीत काय काय असते?
• झोपल्यावरही बांधायचा पट्टा, कारण विमान अचानक हादरू शकते
• ऑक्सिजनचा मास्क आणि धूर ओळखणारे यंत्र
• कॉकपिटशी बोलायला फोन
• दिवा आणि तापमान कमी-जास्त करायची सोय

विमान उडताना आणि उतरताना या पलंगावर कोणी झोपत नाही.

सगळ्या विमानांत अशी खोली नसते. म्हणून अनेक देशांच्या नियमांत विश्रांतीच्या जागेचे तीन वर्ग केले आहेत. पहिला वर्ग म्हणजे प्रवासी आणि कॉकपिट दोन्हींपासून वेगळा, अंधार करता येणारा पलंग. दुसरा वर्ग म्हणजे जवळपास आडवी होणारी, पडद्याने झाकलेली खुर्ची. तिसरा म्हणजे मागे कलणारी, पाय टेकायची सोय असलेली खुर्ची. जागा जितकी चांगली, तितका जास्त वेळ कामावर राहण्याची परवानगी. यामागचे तत्त्व लक्षात घ्या : नियम नुसते विश्रांतीचे तास मोजत नाही, झोप खरोखर लागेल का हेही बघतो.

पलंग असला तरी झोप घरच्यासारखी लागते का?

नाही. एक तर इंजिनाचा आवाज. दुसरे म्हणजे हवा. विमानाच्या आतला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवतात. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे वैमानिक कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ हवेत झोपतो! हवा कोरडीही असते. त्यातच शरीराचे घड्याळ अजून भारताच्या वेळेवर चालत असते. पहाटे २ ते ६ या वेळात शरीर सगळ्यात जास्त झोप मागते, मग खिडकीबाहेर लख्ख ऊन का असेना.

उठल्या उठल्या काम का करायचे नाही?

गाढ झोपेतून कोणी एकदम उठवले, की काही मिनिटे आपल्याला काही सुचत नाही. याला ‘निद्राजडता’ म्हणू. ती किती महाग पडू शकते, ते २२ मे २०१० रोजी दिसले. दुबईहून मंगळुरूला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पहाटेच्या सुमारास धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ जण गेले, ८ वाचले. हे छोटे उड्डाण होते. दोनच वैमानिक, आणि झोपायची खोली नाही. कॉकपिटमधल्या आवाजाच्या नोंदीत कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. सहवैमानिकाने न उतरता पुन्हा वर जाण्याविषयी सांगितले होते, तरी विमान उतरवले गेले. चौकशी अहवालाने निद्राजडतेकडे बोट दाखवले. म्हणूनच लांबच्या उड्डाणात विमान खाली उतरवायला घेण्याच्या बऱ्याच आधी वैमानिकाला उठवतात. तोंड धुवायचे, चहा घ्यायचा, पुरते जागे व्हायचे, मगच खुर्चीत बसायचे.

याची दुसरी बाजूही आहे. दोघांपैकी एक वैमानिक पूर्ण जागा असताना दुसऱ्याने ठरवून थोडी डुलकी घेतली, तर फायदाच होतो. नासाच्या १९९४ च्या अभ्यासात वैमानिकांना ४० मिनिटे विश्रांती दिली. त्यात ते सरासरी २६ मिनिटे झोपले. त्यांचे काम ३४ टक्क्यांनी सुधारले. फरक काय आहे बघा : चोरून लागलेली झोप धोक्याची, ठरवून घेतलेली झोप कामाची.

आपला याच्याशी काय संबंध?

आहे ना! १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसले, की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचे काम, रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखे होते. भारतात गाडी चालवताना मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे पहाटे ५ ला उठलेला माणूस रात्री १० ला, दारूचा थेंबही न घेता, त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो.

आता गळीत हंगामातला आपला रस्ता डोळ्यांपुढे आणा. उसाने भरलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे जातात. कोणी दिवसभर शेतात राबून रात्रीच्या लाईटीवर पाणी भरायला जातो आणि सकाळी मोटरसायकलवर दुधाचे कॅन घेऊन निघतो. वैमानिकासाठी पलंग आहे, पाळी आहे, कायदा आहे. भारतात वैमानिकांची साप्ताहिक विश्रांतीसुद्धा नव्या नियमाने ३६ तासांवरून ४८ तास केली आहे. ट्रॅक्टरवरच्या माणसाला मात्र ‘आता तू झोप, मी चालवतो’ म्हणणारा कोणी बहुतेक वेळा नसतो. त्याला तेवढे तरी सांगा, की झोप येत असेल तर गाडी रस्त्याच्या कडेला नीट लाव, मागचे दिवे चालू ठेव आणि वीस-पंचवीस मिनिटे पड. उठल्यावर लगेच किल्ली फिरवू नकोस, आधी तोंडावर पाणी मार, चार पावले चाल. उशीर झाला म्हणून कोणी रागावले तर रागावू दे.

आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनो, हा धडा तुमच्यासाठीही आहे हं!

स्वाध्याय
१. १४ तासांच्या उड्डाणात चढण्या-उतरण्याचे २ तास सोडले, तर दोन जोड्यांपैकी प्रत्येकीला किती विश्रांती मिळेल?
२. निद्राजडता म्हणजे काय? तुमच्या अनुभवातले एक उदाहरण लिहा.
३. घरातल्या रात्री काम करणाऱ्या एका व्यक्तीच्या झोपेची आठवडाभर नोंद ठेवा. शेवटी ती वही त्यांनाच वाचून दाखवा.