जुनी अ‍ॅल्युमिनियमची सायकल : पारख, दुरुस्ती आणि हिशेब

सायकल ही आपल्या धंद्याची जुनी साथीदार आहे. मोमिनपुरा, हंसापुरी, गांधीबाग या भागांत कॅरिअरवर कापडाचा गठ्ठा बांधून निघणारे फेरीवाले आम्ही लहानपणापासून पाहिले. त्या सायकली लोखंडी होत्या. मद्रासच्या टी.आय. कारखान्याची (१९४९) हर्क्युलस, सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाची हिरो (१९५६) ही नावे सर्वांना ठाऊक आहेत.

अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची गोष्ट वेगळी आहे. इटलीच्या अलान कंपनीने १९७२ पासून आणि फ्रान्सच्या व्हिटसने १९७९ पासून नळ्या डिंकाने जोडलेल्या फ्रेमी काढल्या. अमेरिकेच्या कॅनॉनडेलने १९८३ मध्ये जाड नळ्यांची, वेल्डिंग केलेली सायकल आणली. परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानात किंवा भंगाराच्या मालात अशी एखादी सायकल हाती लागते. शौकीन मंडळी ती घेतात, म्हणून हा हुन्नर शिकण्यासारखा आहे. मात्र लोखंडावर चालणारी प्रत्येक युक्ती येथे चालत नाही. या धातूचा अभ्यास स्वतंत्र आहे. आपल्या नागपुरातच, अमरावती मार्गावर वाडी येथे, १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे.

१. पारख. फ्रेमला चुंबक लावावे. चिकटले तर लोखंड. अ‍ॅल्युमिनियमचे वजन तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश असते. ते तांबडे गंजत नाही, पण त्यावर पांढरी भुकटी येते. तोच त्याचा गंज.

२. तडा. सर्वांत महत्त्वाचे काम हे. लोखंडाची फ्रेम हलका भार वर्षानुवर्षे सोसते. अ‍ॅल्युमिनियम मात्र लहान लहान हादऱ्यांनीही हळूहळू थकते व पुष्कळदा इशारा न देता तुटते. हँडलखालची नळी, पॅडलची बैठक, सीटखालचा सांधा आणि मागच्या चाकाकडील नळ्या साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवाव्यात. संशय असेल तेथला रंग काढून रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसावे आणि वर स्पिरिटमध्ये कालवलेला खडू फासावा. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवते.

तडा दिसला किंवा नळी वाकलेली असली तर ती फ्रेम रस्त्यावर आणू नये. गल्लीतल्या वेल्डिंगने सांधा जुळतो, पण उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो. कारखान्यात भट्टीत पुन्हा पाणी चढवावे लागते, ते घरी होत नाही. कापडाला रफू आहे, या धातूला नाही.

३. अडकलेली सीट नळी. लोखंड व अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र राहिले की एकमेकांना धरून बसतात. आधी पातळ तेल सोडून रात्रभर ठेवावे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची व नळी लोखंडी असेल तर फ्रेमवर गरम पाणी ओतावे. याउलट लोखंडी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची नळी असेल तर नळीला बर्फ लावावा. दोन्ही एकाच धातूचे असतील तर तेल आणि सबूर हेच औषध. डिंकाने जोडलेली फ्रेम तापवू नये.

४. सफाई. सुती कापड मर्सराइज करताना कॉस्टिक सोडा वापरतात, हे आपण जाणतो. तोच सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो व पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो. म्हणून रंग काढायला तो कधीही वापरू नये. साबणाचे पाणी, मऊ ब्रश आणि बारीक पॉलिश पेपर पुरेसे आहेत.

५. आटे. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे प्रत्येक मिस्त्री जाणतो. पॅडलच्या बैठकीत मात्र फरक आहे. इंग्रजी पद्धतीत चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, तर इटालियन पद्धतीत दोन्ही कप सरळ आट्यांचे. हे न पाहता पाना फिरवला तर मऊ धातूचे आटे जातात. प्रत्येक बोल्टला ग्रीस लावून आधी हातानेच बसवावा.

६. रंग. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर साधा रंग टिकत नाही. आधी त्याला चालणारा एचिंग प्रायमर द्यावा. पावडर कोटिंगची भट्टी सुमारे २०० अंशांची असते. डिंकाची फ्रेम तीत गेली तर सांधे सुटतात. हवेत वाळणारा रंगच बरा.

७. हिशेब. सायकल घेण्याआधी वहीत चार रकाने पाडावेत : खरेदी, सुटे भाग, रंग, मजुरी. आपली मेहनतही मजुरीत धरावी, नाहीतर नफा दिसतो पण हाती काही उरत नाही. जुन्या परदेशी मापाचा भाग मिळेल का, हे आधी विचारावे. तडा निघाला तर चाके, ब्रेक व हँडल वेगळे विकून भांडवल सोडवावे.

विकताना मालाचा ऐब गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावा. थानातला ऐब लपवला तर गिऱ्हाईक कापड परत आणते. सायकलचा तडा लपवला तर भर रस्त्यात एखाद्या मुलाच्या जिवावर बेतते. तडा गेलेल्या फ्रेमचे नळी कापून दोन तुकडे करावेत आणि मगच ती भंगारात द्यावी, म्हणजे दुसरा कोणी तिला रंग लावून विकणार नाही. चार पैसे कमी मिळतील, पण कारागिराचे नाव शाबूत राहील.