गो-कार्ट वळते ती मागचं चाक उचलून

आपल्याकडे गो-कार्टचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इंजिन कोन्तं हाये बावा?" दुसरा टॉप स्पीडचा. चेसिसबद्दल सहसा कोणी विचारत नाही. पाईप वाकवून वेल्डिंग मारलेला सांगाडा, तो मजबूत असला म्हणजे झालं, अशी समजूत. मग पहिल्याच ट्रायलला हँडल फिरवूनही गाडी सरळ पळते, नाहीतर वळणात इंजिन दम टाकते, आणि पोरं रात्रभर कार्ब्युरेटर खोलून बसतात. कार्ब्युरेटर बिचारा बरेचदा निर्दोष असतो.

आधी आपल्या बैलगाडीकडे बघू. तिचा आस जागेवर असतो आणि दोन्ही चाकं त्यावर स्वतंत्र फिरतात. त्यामुळे धुऱ्यावरून वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि कुणाचीच तक्रार नसते. मोटारीत हेच काम डिफरन्शियल करतं. कार्टमध्ये मात्र डिफरन्शियल नाही. मागे एकच सळसळीत ॲक्सल, दोन्ही चाकं त्याला पक्की आवळलेली. तळेगाव दशासरच्या शंकरपटासारखं सरळ पळायचं असतं तर हे चाललं असतं. पण कार्टच्या ट्रॅकवर वळणंच वळणं असतात.

आता हिशोब करा. मागच्या दोन चाकांमधलं अंतर १.१ मीटर धरलं, तर ९० अंशांच्या वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा १.१ गुणिले पाय भागिले २, म्हणजे साधारण १.७३ मीटर जास्त जावं लागतं. गंमत म्हणजे यात वळणाची त्रिज्या येतच नाही. वळण मोठं असो की छोटं, फरक तोच. छोट्या वळणात तो कमी अंतरात भरून काढावा लागतो एवढंच. पूर्ण यू-टर्नला तो जवळपास साडेतीन मीटर होतो. ॲक्सल एकच असल्याने तेवढं रबर घासत न्यायचं, नाहीतर एक चाक जमिनीवरून उचलायचं. घासत नेलं तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि इंजिनाची ताकद टायर खरवडण्यात जाते. १५० सीसीच्या इंजिनाजवळ वाया घालवायला ताकद असते कुठे?

म्हणून चांगली कार्ट वळणात आतलं मागचं चाक उचलते. किती, तर कधी कधी पोस्टकार्ड सरकेल इतकंच, पण वजन त्यावरून गेलं पाहिजे. हे काम पुढच्या चाकांची भूमिती करते. किंगपिन मागे झुकलेली असते, त्याला कॅस्टर म्हणतात. साध्या मोटारीत हा कोन थोडका असतो, रेसिंग कार्टमध्ये तो १० अंशांच्या वर ठेवतात. त्यामुळे हँडल डावीकडे फिरवलं की डावं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि उजवं वर जातं. लोखंडी पलंगाच्या एका पायाखाली वीट सरकवावी तसं. गाडी डावं पुढचं आणि उजवं मागचं अशा तिरप्या जोडीवर उभी राहते आणि डावं मागचं हलकं होतं. मग वेगामुळे वजन बाहेर ढकललं जातं, त्याचीही मदत होते.

आता त्याच विटेचा प्रयोग सुंभाच्या ढिल्या बाजेवर करा. बाज पिळवटते आणि चारही पाय जमिनीवरच राहतात. फार लवचिक चेसिसचं तेच होतं. उलट नको तिथे आडवे पाईप ठोकून चेसिस एकदम ताठ केली, तर चाक झटक्यात उचलतं, बाहेरच्या टायरवर सगळा भार पडतो आणि गाडी उड्या मारत बाहेर घसरते. शिवाय कार्टला सस्पेन्शन नसतं. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट बनवली तेव्हापासून पाईपचं पिळणं हेच तिचं सस्पेन्शन. आपल्या बऱ्याच डिझाईनमध्ये कॅस्टर जवळपास शून्य आणि सांगाडा मात्र पुलासारखा मजबूत. यापेक्षा वाईट जोडी नाही. ॲनालिसिसमध्ये स्ट्रेस कमी दिसला म्हणून आपण खुश होतो, पण चेसिस किती अंश पिळते हे रिपोर्टमध्ये कोणी लिहीत नाही.

सीटचंही असंच. ६५ किलोचा पोरगा १५० किलोच्या गाडीत बसला की तोच सगळ्यात मोठा सुटा भाग. रेसिंग कार्टची फायबरची सीट चेसिसला थेट बोल्ट केलेली असते आणि ड्रायव्हरचं वजन तिच्यामार्फत मागच्या चाकांपर्यंत पोचतं. म्हणजे सीटही स्प्रिंगच झाली. ती २ सेंटीमीटर वर घेतली तरी फरक कळतो.

वर्कशॉपमध्ये हे तपासायला खर्च नाही. सपाट फरशीवर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवा, ड्रायव्हरला पूर्ण कपड्यानिशी, हेल्मेटसकट बसवा. हँडल सरळ असताना आकडे लिहा, मग पूर्ण फिरवून पुन्हा लिहा. आतल्या मागच्या काट्यावरचं वजन ठळकपणे उतरलं नाही तर इंजिनाला हात लावू नका, आधी कॅस्टर बघा. काटे नसतील तर चाकाखाली कागद ठेवून ओढा. तो किती सहज निघतो त्यावरून अंदाज येतो.

आता आवडीनिवडीचा भाग. आपला सराव धुळीच्या काँक्रीटवर होतो, तिथे टायरची पकड कमी. अशा ठिकाणी मागची चाकं थोडी जवळ घ्या, सीट किंचित वर घ्या, पुढचा ट्रॅक रुंद करा, म्हणजे चाक उचलायला मदत होते. पण कोल्हापूरजवळचा मोहिते रेसिंगचा ट्रॅक, जिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, तशा डांबरी ट्रॅकवर गाड्या पळतील तसं रबर बसतं आणि दुपारपर्यंत पकड वाढते. सकाळी छान वळणारी गाडी मग उड्या मारू लागते. तेव्हा सगळं उलटं करायचं: मागची चाकं रुंद, सीट खाली. कडक ॲक्सल बरा की मऊ, यावर मात्र जाणकारांचंही एकमत नाही. काही ड्रायव्हरना मागून थोडी सैल गाडी आवडते, काहींना तीच भीतीदायक वाटते. ज्याला शर्यतीत बसायचं आहे त्याचंच ऐका. बाकीच्यांनी लॅप टाईम लिहावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

शेवटी हवा. उन्हाळ्यात अकोल्याच्या उन्हात हे विसरून चालत नाही. २७ अंशांना १० पीएसआय भरली आणि टायर ६७ अंशांपर्यंत तापला, तर वातावरणाचे १४.७ धरून वायूच्या नियमाने ती १३ पीएसआयच्या वर जाते. गेज खिशात ठेवा आणि गाडी आत आल्या आल्या, टायर गार व्हायच्या आधी मोजा.