डिझेल का थिजते?

डिसेंबरातल्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली थिजते. लडाखमधल्या ट्रकचालकावर हीच पाळी येते. फक्त त्याच्यापुढे बाटली नसून डिझेलची भली मोठी टाकी असते, आणि हिवाळ्यात तिथले ऊनही फारसे कामाला येत नाही. रात्री पारा उणे २० अंशांच्याही खाली उतरतो. सकाळी इंजिन सुरू होते, दोन-चार मिनिटे चालते आणि बंद पडते. डिझेल संपले म्हणावे, तर टाकी भरलेली!

मग सगळे डिझेल गोठले का? नाही. डिझेल हा एक पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यांतल्या काहींच्या रेणूंत कार्बनचे अणू एका सरळ साखळीत असतात. हेच मेण; मेणबत्तीतल्या मेणाचे धाकटे भावंड म्हणा. उबदार हवेत ते डिझेलमध्ये विरघळलेले असते. थंडी वाढली की सरळ साखळ्या काड्यांच्या जुडीसारख्या शेजारी शेजारी बसतात आणि पातळ, चपटे स्फटिक तयार होतात. प्रथम डिझेल धूसर दिसू लागते. मग हे स्फटिक इंधनाच्या गाळणीवर साचतात. गाळणीची छिद्रे मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढीच असतात, त्यामुळे ती चटकन बुजतात. गाळणीपुढच्या नळीत होते तेवढ्या डिझेलवर इंजिन चालले आणि थांबले. पारा आणखी उतरला की स्फटिक एकमेकांत अडकून जाळे बनवतात व उरलेला द्रव त्यात कोंडला जातो. शंभर भागांत दोन-तीन भाग मेण वेगळे झाले, तरी सगळे डिझेल खरवसासारखे थिजू शकते.

तुम्ही म्हणाल, मग हे मेण कारखान्यातच काढून का टाकत नाहीत? इथेच खरी अडचण आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडतात व तो आपोआप पेटावा लागतो. आणि सर्वांत सहज पेटतात ते सरळ साखळीचेच रेणू! सोळा कार्बनांची सरळ साखळी असलेले सीटेन हे पेटण्याच्या गुणाचे मापच ठरले. त्याला १०० गुण दिले आहेत. पण शुद्ध सीटेन १८ अंशांनाच गोठते. तेवढेच कार्बन, तेवढेच हायड्रोजन, पण साखळीला फांद्या फुटलेल्या, असा त्याचा एक समघटक आहे. तो सहजासहजी गोठत नाही, पण त्याला गुण मिळतात अवघे १५. म्हणजे जो रेणू चांगला पेटतो, तोच आधी थिजतो. मेण सगळे काढावे तर इंजिन कुरकुरते, ठेवावे तर ट्रक अडतो.

यावर चालकांचा जुना उपाय म्हणजे टाकीखाली स्टोव्ह किंवा शेकोटी पेटवणे. वाचतानाच अंगावर काटा येतो! शिवाय टाकी तापली तरी नळ्या आणि गाळणी गारच राहतात. डिझेलमध्ये केरोसीन मिसळले तर मेण अधिक थंडीपर्यंत विरघळलेले राहते. पण केरोसीनचे वंगण कमी, त्यामुळे इंधनाचा पंप झिजतो.

रसायनशास्त्रज्ञांनी काढलेली एक युक्ती मला फार आवडते. एथिलीन आणि व्हिनिल अॅसिटेट यांपासून बनलेले बहुवारिक डिझेलमध्ये अगदी थोडे घालतात. ते मेण वितळवत नाही की गोठणे थांबवतही नाही. वाढत्या स्फटिकाला ते चिकटते आणि त्याला मोठे, चपटे होऊ देत नाही. मोठ्या पापुद्र्यांऐवजी बारीक कण तयार होतात. ते जाळे विणत नाहीत, आणि गाळणीवर साचले तरी त्यांच्या फटींतून डिझेल वाहते. मात्र हे द्रव्य थंडीआधी, डिझेल स्वच्छ असतानाच मिसळावे लागते. एकदा थिजलेल्या डिझेलवर त्याची मात्रा चालत नाही.

दुसरा मार्ग तेलशुद्धीकरण कारखान्यातला. झिओलाइट नावाच्या काही उत्प्रेरकांत साधारण अर्ध्या नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या वीस लाखांश भागाएवढी भोके असतात. त्यांत सरळ साखळी शिरते, फांद्यांचे रेणू बाहेरच राहतात. आत शिरलेल्या साखळीचे तुकडे होतात. काही उत्प्रेरक तिला तोडण्याऐवजी एखादी फांदी फोडून देतात. एकच फांदी असली तर पेटण्याचा गुण बराचसा टिकतो आणि जुडी मात्र नीट बसत नाही.

आपल्याकडच्या साध्या डिझेलला हिवाळ्यात ३ अंशांपर्यंत वाहते राहण्याचीच अट असे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. पानिपतच्या कारखान्यातले हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते.

वर्गात करून पाहा : वाटीभर शेंगदाणा तेलात मेणबत्तीचा छोटा तुकडा टाका आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली वाटी कढत पाण्यात ठेवून तो विरघळवा. तेल थंड होताना केव्हा धूसर होते, केव्हा थिजते, ते तापमापकावर टिपा. मग पुन्हा तापवून, या वेळी सतत ढवळत थंड करा. दोन्ही वेळा थिजलेले तेल सारखेच घट्ट असते का?