कूटदंत सुत्त आणि आपल्या वस्तीतील बेकार तरुण



भगवान बुद्धांच्या उपदेशात बेकारीच्या प्रश्नाचा विचार आहे काय, असे कोणी विचारले तर पुष्कळांना तो प्रश्न चमत्कारिक वाटेल. बुद्ध म्हणजे ध्यान, शील आणि करुणा, एवढेच आपण धरून चालतो. परंतु दीघनिकायातील कूटदंत सुत्त वाचले म्हणजे हा समज दूर होतो.

कूटदंत नावाचा ब्राह्मण मोठा यज्ञ करणार होता. शेकडो बैल, बकरे, मेंढे त्याने यूपाजवळ आणून ठेवले होते. यज्ञ कसा करावा हे विचारण्यासाठी तो भगवंतांकडे गेला. भगवंतांनी त्याला महाविजित राजाची गोष्ट सांगितली. त्या राजाच्या राज्यात चोऱ्या आणि लूटमार माजली होती. पुरोहिताने राजाला सांगितले की, चोरांना फटके मारून किंवा हद्दपार करून हा उपद्रव संपणार नाही. जो शेती करील त्याला बी द्या, जो व्यापार करील त्याला भांडवल द्या, जो नोकरी करील त्याला वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक घराची दारे उघडी टाकून निर्धास्त राहू लागले.

बी, भांडवल आणि वेतन. आजच्या भाषेत प्रशिक्षण, कर्ज आणि नोकरी. आजच्या सरकारांनी या तिन्हींसाठी योजना काढलेल्या आहेत. मग आपल्या वस्तीतील शिकलेला मुलगा दिवसभर कट्ट्यावर का बसलेला दिसतो?

या प्रश्नाचे उत्तर मला बँकेतील टेबलावर मिळाले, आणि ते सांगताना मला संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण कर्जाचा अर्ज घेऊन आला. पहिल्या खेपेला जातीचा दाखला नव्हता, दुसऱ्या खेपेला मशिनचे कोटेशन नव्हते, तिसऱ्या खेपेला जागेच्या भाडेकराराचा कागद नव्हता. तिन्ही वेळा नियमाप्रमाणे मीच त्याला परत पाठवले. चौथ्या खेपेला तो आलाच नाही. मी नियम मोडला नाही हे खरे, पण पहिल्याच दिवशी सर्व कागदांची यादी एका चिठ्ठीवर लिहून दिली असती तर? ती चिठ्ठी मी लिहिली नाही. त्याच्या घरी कोणी बँकेची पायरी चढलेले नव्हते, बरोबर येणारेही कोणी नव्हते.

येथेच दुसऱ्या एका सुत्ताची आठवण होते. कोलिय कुळातील दीघजाणूला भगवंतांनी गृहस्थाच्या ऐहिक सुखासाठी चार गोष्टी सांगितल्या: उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रता आणि बेताची राहणी. योजना कागदावर असते. ती माणसापर्यंत पोहोचवणारा कल्याणमित्र लागतो. आजच्या काळात हा मित्र एकटा माणूस असून भागणार नाही. समाजमंडळ, बँक, नगरपरिषद आणि कामधंदा देणारे यांनी मिळून ते काम केले पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेतील गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. पुढे महाराजांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. पण अस्पृश्याच्या हॉटेलात चहा पिणार कोण? महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. भांडवल देऊन महाराज थांबले नाहीत, त्यांनी गिऱ्हाईकही मिळवून दिले. याच महाराजांनी १९२० च्या मार्चमध्ये आपल्या हुपरीजवळच्या माणगाव येथील परिषदेत बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीर केले. पुढे १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, तेव्हा त्यांच्या अध्यक्षतेखालील परिषदेत सरकार, मालक आणि कामगार हे तिघे एकत्र बसले. तिघांनी एका टेबलाशी बसावे, हा धडा आपल्याला घरचाच आहे.

अलीकडची उदाहरणे पाहू. मुंबईच्या गिरणगावात खोलीतच खानावळ चालवणाऱ्या बायका वाण्याच्या उधारीत आणि सावकारी व्याजात पिचल्या होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायकांचे गट झाले, एकीने दुसरीची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज दिले. तारण नव्हते, मंडळाचा शब्द होता. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली पुणे महापालिकेशी करार होऊन या बायकांना दारोदार कचरा गोळा करण्याचे हक्काचे काम मिळाले. शेजारच्या कर्नाटकात उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळाचा शिक्षण ट्रस्ट आणि दोन बँका यांनी मिळून स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था काढली. त्याच धर्तीवर पुढे जिल्ह्याजिल्ह्यात अशा संस्था झाल्या. प्रशिक्षण झाल्यावरही दोन वर्षे उमेदवाराचा पाठपुरावा करणे ही त्यांची रीत लक्षात घेण्यासारखी आहे.

आता आपल्या हुपरीकडे वळू. ही चांदीनगरी. पैंजण, साखळ्या, घुंगरू यांच्या कामावर येथील घरेच्या घरे चालतात. या धंद्यात कारागिराला चांदी वजन करून दिली जाते आणि दागिना वजन करून घेतला जातो. म्हणजे कसबाइतकाच विश्वास लागतो. ज्याची ओळख नाही, त्याच्या हाती चांदी कोण देईल? आपल्या मुलांचे घोडे अनेकदा येथेच अडते. अशा वेळी मंडळातील चार जाणत्या माणसांनी कारखानदाराकडे जाऊन “हा मुलगा आमचा, याची जबाबदारी आमची” असे सांगितले तर दार उघडू शकते. मात्र शब्द दिला की तो पाळण्याची शिस्त मुलानेही ठेवली पाहिजे. उद्योगशीलता आणि रक्षण या दोन गोष्टी त्यासाठीच सांगितल्या आहेत.

माझ्या अल्पमतीप्रमाणे आपल्या मंडळाने पुढील कामे हाती घ्यावीत.

१) विहारात बेकार तरुण-तरुणींची नोंदवही ठेवावी. नाव, शिक्षण, येणारे काम आणि कोणते काम शिकायचे आहे, हे त्यात लिहावे.

२) महिन्यातून एका रविवारी ‘कागदपत्र दिवस’ ठेवावा. नोकरीतील आणि निवृत्त बांधवांनी जातीचा दाखला, रहिवासी दाखला, कोटेशन, प्रकल्प अहवाल यांची फाईल पुरी करून द्यावी.

३) योजनांची माहिती फलकावर लावावी. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आपल्यासाठीच आहे. २००८ च्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातीच्या अर्जदाराचा स्वतःचा हिस्सा ५ टक्के आणि शहरी भागात अनुदान २५ टक्के ठेवले गेले. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनारकाम, शिवणकाम आणि गवंडीकामही आहे. नियम बदलत असतात, म्हणून फलक लावण्यापूर्वी बँकेत खात्री करून घ्यावी.

४) अर्जदाराबरोबर बँकेत एक माणूस जावा. कर्ज मिळाल्यावर हप्ता फिटेपर्यंत त्याची विचारपूस करावी. एकाचे कर्ज थकले की वस्तीतील पुढच्या दहा जणांची वाट बंद होते, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

५) नगरपरिषद, बँका आणि चांदी कारखानदार यांच्या प्रतिनिधींना वर्षातून दोनदा विहारात बोलवावे आणि नोंदवही त्यांच्यापुढे ठेवावी.

यातील कशालाही मोठा निधी लागत नाही. वेळ लागतो आणि चिकाटी लागते. आपण जयंतीला वर्गणी देतो, मिरवणूक काढतो, ते योग्यच आहे. पण त्या मिरवणुकीत पुढे नाचणारा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला जातो की कट्ट्यावर बसतो, हेही पाहणे आपले काम आहे. पहिल्या कागदपत्र दिवसाला मी टेबल मांडून बसेन. ती राहून गेलेली चिठ्ठी मला आता लिहायची आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!