दान की देणे?



एखाद्या शाळेत नवे बाक येतात. प्रत्येक बाकावर देणाऱ्या कंपनीचे नाव ठळक रंगवलेले असते. हे बाक म्हणजे कंपनीने केलेले दान, की तिने फेडलेले समाजाचे देणे? आजच्या वादविषयाचे मर्म याच प्रश्नात आहे : मोठ्या, यशस्वी कंपन्यांवर सरकारने अधिक सामाजिक जबाबदारी टाकावी का?

कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. मागच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिला हे कलम लागू होते. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य, पर्यावरण अशा ठरवून दिलेल्या कामांवर खर्च करायची असते.

उदाहरण घेऊ. तीन वर्षांचा नफा ८, १० व १२ कोटी असेल, तर सरासरी १० कोटी. त्याचे २ टक्के म्हणजे २० लाख रुपये.

आरंभी खर्च न झाल्यास अहवालात कारण दिले की भागत असे. २०२१ पासून मात्र उरलेली रक्कम ठरावीक मुदतीत नेमून दिलेल्या निधीत किंवा चालू प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात भरावी लागते. न भरल्यास दंड होतो.

सक्ती नको म्हणणारे

त्यांचा मुद्दा असा : कंपन्या कर भरतातच, शाळा-दवाखाने चालवणे हे सरकारचे काम आहे. शिवाय चांगले काम मनातून व्हावे. बेळगावात सायकलचे दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर गेले. तिथे किर्लोस्करवाडी वसवताना त्यांनी कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही उभी केली. त्यासाठी कोणत्याही कायद्याने त्यांना भाग पाडले नव्हते.

सक्ती हवी म्हणणारे

ते विचारतात, सगळेच मालक असे असतात का? जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस सुरू झाला. देशभरच्या कारखान्यांतील कामगारांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा मिळाली ती १९४८ च्या कारखाने कायद्याने. मधली छत्तीस वर्षे इतरांनी वाट पाहिली! एखादा सज्जन वाट दाखवतो. पण सर्वांना त्या वाटेवर आणायला कायदाच लागतो.

मग आपण काय म्हणावे?

जबाबदारी टाकावी, पण तिचा क्रम चुकू नये. कामगाराला वेळेवर पगार, यंत्रावर सुरक्षितता आणि नदीत सोडण्यापूर्वी शुद्ध केलेले सांडपाणी हे पहिले कर्तव्य. २ टक्के त्यानंतरचे. कारखान्यामागचा ओढा काळा आणि शाळेतले बाक नवे कोरे, असे झाले तर त्याला सामाजिक जबाबदारी म्हणता येणार नाही.

दुसरे असे की, कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो. ते रास्तच आहे. परंतु त्यामुळे जिथे कारखाने आहेत तिथे पैसा अधिक जातो. ज्या तालुक्यात एकही कारखाना नाही, तिथल्या शाळेने कोणाकडे पाहायचे? सरकारकडेच. म्हणून २ टक्क्यांकडे बोट दाखवून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

आणि बाकांचे म्हणाल, तर देणाऱ्याचे आभार जरूर मानावेत. पण मान खाली घालून नव्हे.

स्वाध्याय

१. एका कंपनीचा तीन वर्षांचा नफा १५, १८ व २१ कोटी रुपये आहे. तिने किमान किती रक्कम खर्च करावी?

२. आपल्या गावाजवळच्या एखाद्या कारखान्याने आधी कोणते कर्तव्य पार पाडावे, असे तुम्हांला वाटते? घरी चर्चा करून दहा ओळी लिहा.