किर्लोस्करांचा लोखंडी चरक

आपल्या नांदेड व लातूर भागांत उसाचें नांव निघालें कीं साखर-कारखान्याचें उंच धुराडें डोळ्यांपुढें येतें. परंतु हीं धुराडीं उभीं राहण्यापूर्वीं रस कसा निघे, आणि तो काढण्याचें यंत्र आपल्या लोकांनीं कसें घडविलें, ही हकीकत थोड्यांसच ठाऊक असते. ती आज आपण पाहूं.

पूर्वीं गुऱ्हाळांत लाकडी चरक असे. बैल गोल फिरत, लाटा फिरत, आणि त्यांच्यामध्यें घातलेल्या उसाचा रस खालीं पडे. पण लाकूड झिजे, लाटांमधील फट वाढे, व बराचसा रस चिपाडांतच राहून चुलाणांत जळून जाई. वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याचें हें उघड नुकसान होतें.

याच सुमारास विलायतेंत साखरेचीं यंत्रें करण्याचा धंदा भरभराटीस येत होता. ग्लासगो शहरीं मॅकोनी बंधूंनीं १८४० सालीं जो कारखाना काढला, तोच पुढें ‘मिरलीज वॉटसन’ या नांवानें प्रसिद्धीस आला. अशा कारखान्यांचीं वाफेवर चालणारीं अवजड यंत्रें समुद्रापलीकडील मोठमोठ्या मळ्यांसाठीं असत. दोन-चार बिघे ऊस लावणाऱ्या कुणब्यास त्यांचा काय उपयोग? ही अडचण ओळखून १८७० नंतरच्या दशकांत बिहारमधील बिहिया येथें थॉमसन व मिल्न यांनीं बैलांनीं चालणारा लहान लोखंडी चरक तयार केला, आणि तो हिंदुस्थानांत दूरवर पसरला.

महाराष्ट्रांत हें काम ज्यांनीं अंगावर घेतलें, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे शिक्षक होते. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकार व्हावें म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु डोळ्यांस रंगांचा भेद नीट कळेना, म्हणून रंग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, आणि पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकवूं लागले. ती नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवीं भावाबरोबर सायकलींच्या दुकानांत व नंतर शेतीच्या अवजारांत लक्ष घातलें. लोखंडी नांगर तयार झाला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं! तरी त्यांनीं धीर सोडला नाहीं.

१९१० सालीं औंध संस्थानच्या आश्रयानें कुंडल स्टेशनाजवळील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथें नांगर, कडबा कापण्याचीं यंत्रें, उसाचे चरक व पुढें पाण्याचे पंप होऊं लागले. विलायतेचें यंत्र मोडलें तर सुटा भाग येण्यास महिनोगणती वाट पाहावी लागे. आपल्याच मुलखांत, आपल्याच भाषेंत सांगून दुरुस्त होणारें यंत्र मिळूं लागलें, हा लाभ लहान नव्हे.

त्यानंतर काळ झपाट्यानें बदलला. १९३७ सालीं निजामाच्या राज्यांत, नांदेडास लागून असलेल्या बोधन येथें मोठा साखर-कारखाना निघाला. १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं सहकारी कारखान्याचें पहिलें गाळप झालें, व पुढें सहकाराची ही चळवळ मराठवाड्यांतही रुजली.

तथापि एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. रस काढणारें यंत्र इतकें सुधारलें, पण ऊस तोडण्याचें काम आजही बव्हंशी हातांतील कोयत्यानेंच होतें. उचल घेऊन फडावर जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस मुकादमाच्या हिशेबांत ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद अवजाराच्या नांवानें व्हावी, ही केवढी खेदाची गोष्ट! दिवाळी सरली कीं आमच्या वर्गांतील कांहीं बांक रिकामे पडतात. आईबापांबरोबर फडावर गेलेलीं तीं मुलें परततात तेव्हां वर्ष सरत आलेलें असतें.

ऊस तोडणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत. पण नुसतें यंत्र आलें म्हणजे प्रश्न सुटला, असें नव्हे; त्या हातांस दुसरें काम व त्या मुलांस अखंड शिक्षण मिळालें पाहिजे. लक्ष्मणरावांनीं ज्यांची अडचण पाहिली, त्यांच्यासाठींच यंत्र घडविलें. विद्यार्थ्यांनीं यंत्रविद्या अवश्य शिकावी. पण आपल्या शेजारच्या रिकाम्या बांकाकडे पाहून शिकावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.